शुद्धीवर आल्यावर फोन कर

२ एप्रिल

केंद्राचा हॉल आजपासून बंद. संचालकांनी स्वतःच्या हाताने कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली, म्हणजे उद्या काही बिनसलं तर कोणाच्या नावाने खडे फोडायचे हेही ठरून गेलं. चौदा वर्षं मी रोज संध्याकाळी सहाला तिथे खुर्च्या मांडतोय. आता साथ आहे, माणसांनी एकत्र बसायचं नाही. दारू सोडलेल्या माणसाला घरात एकटा बसवून ठेवा, असं सांगणारा एकतर कधी प्यायलेला नसणार, नाहीतर प्यायलेला असूनही त्याने कधी सोडलेली नसणार.

तर आता फोन. बावीस जण माझ्या वाट्याला आलेत. सकाळी सातपासून एकेकाला लावायचा. पद्धत हॉलमधलीच. समोरच्याने आपले कोरडे दिवस सांगायचे आणि ‘आज नाही’ म्हणायचं. उद्याचं बोलायचं नाही. एवढं झालं की मग हव्या तेवढ्या गप्पा. आणि पिऊन बोलणाऱ्याशी बोलायचं नाही. ‘शुद्धीवर आल्यावर फोन कर’ एवढंच म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. हा शेवटचा नियम मी आणला, नऊ वर्षांपूर्वी. प्यायलेल्या माणसाचे लाड केले की तो लाडांसाठी पितो. मी स्वतः तसाच प्यायलोय.

हॉलच्या दारात उभा राहून मी एकेकाचा वास घ्यायचो. मागून मला हवालदार म्हणतात, मला ठाऊक आहे. फोनवर वास येत नाही, पण आवाज येतो. जीभ जड होते, शब्दांची शेवटची अक्षरं गळतात, मध्येच उगाच हसू येतं. पहिल्या वाक्यात मला कळतं. बस डेपोत तीस वर्षं टाइमकीपर होतो, ड्रायव्हर गाडीतून उतरायच्या आधी सांगायचो की याला आज ड्यूटी देऊ नका. एकदाही चुकलो नाही.

बायको म्हणाली, “तुमच्या कानांची आरती ओवाळायची तेवढी राहिलीय.”

५ एप्रिल

कोणा दानशूर मंडळींनी केंद्राला ऑक्सिजनची अकरा यंत्रं दिली. लोकांना बेड मिळत नाहीत, तर निदान आपल्या सभासदांच्या घरी ती फिरवायची. संचालकांनी अकराही यंत्रांसोबत फोटो काढून घेतले, मास्क हनुवटीवर ओढून. मग प्रश्न आला, घरोघर पोचवणार कोण? सगळ्यांनी मूग गिळले. मी माझ्या धाकट्या भावाचं नाव सुचवलं.

धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवतो. दुकानंच बंद, तर पाटी कोणाला हवी? त्याची बायको मुलींना घेऊन माहेरी गेली होती, वडिलांचं ऑपरेशन होतं. गाड्या बंद झाल्या, ती तिकडेच अडकली. हा घरात एकटा. रिकामा बसला तर घसरेल, असं मी संचालकांना सांगितलं.

“दादा, पेंटरचा हमाल केलास की रे मला,” म्हणाला. पण खूश होता. दुपारी दोन घरी यंत्रं पोचवली, नळी कशी लावायची ते शिकवलं, एका आजोबांच्या उशाशी बसून राहिला म्हणे तासभर. सकाळी फोनवर म्हणाला होता, “एक हजार एकशे तीस. आज नाही.” आकडा सांगताना त्याचा आवाज छान भरून येतो.

वडील गेले त्या आठवड्यात त्याला पहिला ग्लास मी दिला होता. तो एकोणीस वर्षांचा होता. ‘घे, बरं वाटेल,’ म्हणालो होतो. म्हणून बाकीच्या एकवीस जणांपेक्षा त्याच्याशी मी जास्त कडक वागतो. त्याला त्याचं कारण ठाऊक आहे आणि तो कधी काढत नाही.

९ एप्रिल

एका पठ्ठ्याने यंत्र विकलं आणि पिऊन टाकलं. घरात त्याची आई पडून होती. धाकट्याने ती बातमी आणली तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

संचालकांनी मीटिंग घेतली, अर्थात फोनवर. मी म्हटलं, ज्या घरात कोणी पीत असेल त्या घरात यंत्र द्यायचंच नाही. संचालक म्हणाले, “वा! लेखी द्या.” मी लेखी दिलं.

धाकटा एकटाच उलट बोलला. “दादा, पेशंट त्याची आई असेल तर? तिने काय घोडं मारलंय?”

“आईचा पुळका असेल तर मुलाने सोडावी.”

“त्याने नाही सोडली तर?”

“तर तो त्याचा निर्णय.”

मग “बरं,” म्हणाला. त्याच्या ‘बरं’मध्ये नेहमी थोडं राहून गेलेलं असतं. मला ते आवडत नाही. नियम म्हटला की कोणाच्या तरी पायावर पडणारच, त्याला इलाज नाही.

१३ एप्रिल

धाकट्याचं लक्षण ठीक नाही.

काल तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन उचलला. झोपलो होतो म्हणाला, सकाळी साडेसातला. आज म्हणतो दोन दिवस यंत्रांचं काम दुसऱ्या कोणाला दे, डोकं जड आहे, अंगात कणकण आहे. दिवसाढवळ्या झोप, जड डोकं, कामाची टाळाटाळ. हा पाढा मी शेकडो तोंडांतून ऐकलाय, स्वतःच्या तोंडून तर सगळ्यात जास्त. घसरण्याच्या आधीचा माणूस असाच असतो. अजून घेतलेली नाही, आकडा बरोबर सांगितला, एक हजार एकशे अडतीस. पण मनाने तो दुकानापर्यंत जाऊन आलाय.

मी त्याला चांगला फैलावर घेतला. म्हटलं, लोकांना श्वास मिळत नाही आणि तुला झोप काढायचीय? तो म्हणाला, “हो दादा, बरोबर आहे तुझं.” आणि दुपारी एक यंत्र पोचवून आला.

बायकोला सांगितलं तर ती म्हणते, “ताप मोजला का त्याने? विचारलंत?”

मी म्हटलं, प्यायची तहान थर्मामीटरला दिसत नाही. तिने भांडी जरा जास्तच आपटली.

१५ एप्रिल

झालं ते झालं. लिहून टाकतो.

सात दहाला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. मग उचलला. आधी नुसता श्वास. मग, “दादा... अकराशे... चौदा... थांब हं. अकराशे चार.” आणि हसला.

जीभ पार जड. शब्दांची शेपटं गायब. मला पुढे ऐकायची गरजच नव्हती, तरी विचारलं, “धापा का टाकतोयस?”

“जिना... चढलो ना आत्ता.”

सकाळी सातला, बाहेर पडायला बंदी असताना, हा कुठला जिना चढून आला? खाली कशाला उतरला होता? मी सरळ विचारलं, “किती घेतलीस?”

“नाही रे... दादा... नाही...”

नाही तर सगळेच म्हणतात. मी वाक्य म्हटलं आणि ठेवून दिला. नऊ वर्षांत ते वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलंय. कोरड्या दिवसांच्या वहीत त्याच्या नावापुढे शून्य मांडलं, पेनाने. आमच्या वहीत खाडाखोड चालत नाही. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. इतका राग आला होता मला त्याचा. तीन वर्षांहून जास्त, एकेक दिवस करून जमवलेले, आणि अकरा यंत्रांचा कारभार हातात असताना!

दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. “भाऊजी, हे नीट बोलत नाहीयेत. अडखळतात. मधेच विसरतात काय बोलत होते ते. तुम्ही जरा जाऊन बघता का?”

मी तिला सांगितलं काय ते. ती एवढंच म्हणाली, “परत?”

म्हटलं, आता आपण खंबीर राहायचं. दोन दिवस कोणी त्याच्या दारात जायचं नाही, गोंजारायचं नाही. तुला फोन आला तर सांग, आधी नीट बोल. नीट बोलता येईल तेव्हा दादाला फोन कर. ती बिचारी म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं. तुम्हाला यातलं कळतं.”

चहाच्या वेळी बायको समोर येऊन बसली. “जाऊन बघून या.”

“मी गेलो की तो हक्काने पिणार.”

“तुमच्या वेळी सात वर्षं मी दार उघडत होते, म्हणून तुम्ही आज आहात.”

“दार उघडत होतीस म्हणूनच सात वर्षं प्यायलो.”

ती उठून गेली. बोलायला नको होतं, पण खोटं नाही ते.

१६ एप्रिल

त्याचा फोन नाही. चांगलं लक्षण आहे, लाज वाटायला लागली की माणूस अर्धा बाहेर येतो. एकवीस फोन केले. सगळे कोरडे. एकाने तर तीनशेवा दिवस सांगितला, त्याची मुलगी मागून टाळ्या वाजवत होती. मी मनापासून शाबासकी देऊ शकलो नाही.

दोन घरांतून यंत्रं परत आली. एका घरी माणूस बरा झाला, दुसऱ्या घरी गेला. हॉल बंद म्हणून दोन्ही यंत्रं आमच्या बाहेरच्या खोलीत ठेवलीयत. चपला काढायला जागा उरली नाही. बायको येता-जाता त्यांच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. माझ्याशी बोलत नाही. भावाच्या बाबतीत मला सुख वाटतंय असं तिला वाटतं की काय, कोण जाणे. मला काल रात्रभर झोप नव्हती. पण बावीस जणांना एक नियम आणि माझ्या भावाला दुसरा, असं करायला लागलो तर उद्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?

१७ एप्रिल

इस्पितळाच्या आवारात बाकावर बसून लिहितोय. आत सोडत नाहीत.

सकाळी उठलो तर बायको घरात नव्हती. बाहेरच्या खोलीतलं एक यंत्रही नव्हतं. भाजीवाल्याच्या हातगाडीवर घालून ती ते घेऊन गेली होती, मैल-दीड मैल, चालत. मी फोनांना बसलो. मधे दोनदा तिचा फोन आला, मी कापला, माझी रांग चालू होती. तिसऱ्यांदा उचलला.

म्हणाली, “भिंतीला टेकून बसलेत. ओठ निळे पडलेत. मी यंत्र लावलंय, पण काही फरक वाटत नाही. गाडी घेऊन या.”

आणि मी विचारलं, “बाटली होती का?”

ती म्हणाली, “एकही नाही. सगळं घर बघितलं, तुम्ही विचारणार म्हणून. या आता.”

तो जिना म्हणजे त्याच्या घराच्या पाच पायऱ्या. दूधवाला पिशवी खाली ठेवून जातो, ती आणायला तो रोज उतरतो. मला हे ठाऊक होतं. गेली दहा वर्षं ठाऊक होतं.

२० एप्रिल

काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी धाकटा गेला.

आम्हाला काचेतून दाखवला. नेणारेही इस्पितळाचेच, अग्नी देणारेही तेच. त्याची बायको तिकडे, फोनवर. मुली मागे काहीतरी विचारत होत्या.

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा मी तिला गाठलं. पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली, फक्त डोळे दिसत होते, तरुण असावी. मी विचारलं, तो प्यायला होता का?

“कोण म्हणालं?”

“बोलताना अडखळत होता. उगाच हसत होता.”

“ऑक्सिजन उतरला की असंच होतं, काका. जीभ जड होते, हिशेब चुकतो, माणूस हसतो. घरच्यांना वाटतं प्यायलाय. दोन दिवस आधी आणायला हवं होतं.”

मी सांगणार होतो की मी नुसता घरचा नाही, मला यातलं कळतं. ती निघून गेली होती, हे बरं झालं.

ही वही खरं लिहायची आहे, म्हणून लिहितो. तेव्हासुद्धा मला वाटत होतं की त्याचं रक्त तपासावं. थोडी तरी सापडावी. तो तर गेलाच होता. निदान मी बरोबर ठरलो असतो.

२३ एप्रिल

फोनवर सगळ्यांची सभा झाली. आमच्याकडे कोणी कोरडा असताना गेला तर त्याचे दिवस सभेत मोठ्याने वाचतात आणि सगळे त्याच्या वतीने ‘आज नाही’ म्हणतात. त्याची बायकोही फोनवर होती.

मी शून्य खोडलं. वहीतली पहिली खाडाखोड. वाचलं, एक हजार एकशे चव्वेचाळीस. मग म्हटलं, पंधरा तारखेला त्याने मला फोनवर सांगितलं होतं की प्यायलो नाही. मी विश्वास ठेवला नाही. त्याला दम लागत होता. मी फोन ठेवला. माझ्या घरात यंत्रं पडून होती.

संचालक खाकरले आणि म्हणाले, प्रसंग भावनिक आहे, आपण सगळे दुःखात सहभागी आहोत, पण नियमांची चर्चा आत्ता नको, देणगीदारही ऐकताहेत. मग त्यांनी चार नवी यंत्रं आल्याचं जाहीर केलं.

‘आज नाही’ म्हणायचं सगळे विसरले. मीही विसरलो.

२६ एप्रिल

त्याच्या बायकोचा फोन आला. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी तयारीत होतो, खरं सांगायचं तर वाट बघत होतो. तिचा आवाज अगदी सपाट होता.

“भाऊजी, एक सांगायचं होतं. कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि आईला सांगू शकत नाही.”

“बोल.”

“तुम्ही म्हणाला होतात ना, नीट बोलता येईल तेव्हा फोन कर म्हणून. मी यांना तसंच सांगितलं. तर हे म्हणाले, ठीक आहे, मी प्रॅक्टिस करतो. सोळा तारखेला मला चार वेळा फोन केला. पाणी पिऊन, उठून बसून. म्हणायचे, ऐक हं, ‘एक हजार एकशे एक्केचाळीस, आज नाही.’ येतंय का नीट? दादाला कळेल का? आता त्याला लावू का?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी प्रत्येक वेळी म्हटलं, अजून नाही. अजून अडखळतंय. जरा झोपा आणि मग परत म्हणून बघा. शेवटच्या वेळी आकडा बरोबर आला होता, भाऊजी. फक्त खूप वेळ लागला. मी तरी म्हटलं, अजून नाही.”

मी म्हटलं, तुझी चूक नाही, हे सगळं माझं आहे. ती म्हणाली, “असं वाटून घेता येत नाही ना पण.” मग धाकटी मुलगी बोलवायला आली आणि तिने फोन ठेवला.

बायकोला सांगितलं. ती माझ्याजवळ येऊन बसली, हात धरला नाही. मला ते बरोबर वाटलं.

३ मे

फोनांचं काम मी सोडलं नाही. संचालकांना माझ्याजागी कोणी मिळाला नाही, आणि घरात बसून मी काय करणार होतो ते मलाच नीट ठाऊक आहे. पाच हजार सव्वीस. आज नाही.

आज सकाळी एका नव्या माणसाला लावला. जेमतेम नऊ दिवस झालेले. फोन उचलला तो हसतच. जीभ जड, आकडा चुकला, धापा टाकत होता. ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आपोआप आलं, इतक्या वर्षांची सवय. मी पत्ता विचारला. बाकीचे फोन तसेच टाकले, यंत्र रिक्षात घातलं, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते मापही घेतलं आणि गेलो. तिसरा मजला. यंत्र छातीशी धरून चढलो, दोनदा बसलो.

दार उघडलं तेव्हा मास्कमधूनही वास आला. बाटली टेबलावर उघडीच होती, लपवायचंही त्याला सुचलं नव्हतं. मला बघून तो घाबरला. “हवालदार, तुम्ही? तुम्ही तर फोन ठेवून देता ना?”

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि बोटाला माप लावलं. अठ्ठ्याण्णव.

तो काहीबाही बडबडत होता, माफ करा म्हणत होता, माझे पाय धरायला वाकत होता. मी आकड्याकडे बघत बसलो. मला त्याचा भयंकर राग आला. नऊ दिवस, प्यायलेला, आणि अठ्ठ्याण्णव. मी माप काढून दुसऱ्या बोटाला लावलं. आकडा कमी यावा असं मला वाटत होतं. पुन्हा अठ्ठ्याण्णवच आला.